हिंगोलीची छावणी आणि युरोपची रणक्षेत्रें

युरोपची सफर म्हटली म्हणजे सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें पॅरिसचा मनोरा, व्हेनिसच्या होड्या आणि स्वित्झर्लंडचीं बर्फाच्छादित शिखरें चटकन् उभीं राहतात. त्या खंडाच्या ओल्या मातींत मराठी मुलखांतल्या माणसांची राख आणि हाडें मिसळलेलीं आहेत, याची आठवण प्रवासाचा बेत आंखतांना सहसा कोणास होत नाहीं. आजच्या भाषणांत अशाच एका निराळ्या प्रवासाचा नकाशा श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे. परभणीच्या चौघां मित्रांनीं भाड्याची मोटार घेऊन हा प्रवास करावा, अशी कल्पना केली आहे. त्यांत एक वकील आहेत, एक इतिहासाचे प्राध्यापक, एक डॉक्टर आणि एक फौजेंतून निवृत्त झालेले सुभेदार. हे चौघे कल्पनेंतले आहेत. परंतु ज्या वाटेनें ते जातात ती वाट, तेथलीं गांवें, तारखा आणि तेथें लढलेलीं माणसें खरीं आहेत.

परभणीचा आणि युरोपांतल्या रणांगणांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. त्याचें उत्तर हिंगोलीस सांपडतें. हिंगोली आज स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण असली, तरी १ मे १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यांतच होती. एकोणिसाव्या शतकांत तेथें मोठी लष्करी छावणी होती. फौज निजामाची, खर्च निजामाचा आणि हुकमत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची, असा तो विलक्षण प्रकार होता. 'हैदराबाद कंटिंजंट' या नांवानें ती फौज ओळखली जाई. औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम अशा ठिकाणीं तिच्या दुसऱ्या छावण्या होत्या. या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, म्हणून १८५३ च्या तहानें निजामास वऱ्हाडासारखा सुपीक प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें, आणि लगेच १९०३ मध्यें कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करांत सामील करण्यांत आल्या. हिंगोलीची छावणी उठली. घोडदळाचे रिसाले मात्र नवें नांव घेऊन राहिले. पहिला रिसाला 'विसावी डेक्कन हॉर्स' झाला आणि दुसरा 'एकोणतिसावी लान्सर्स (डेक्कन हॉर्स)'. छावणी उठून पुरतीं बारा वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच हे दोन्हीं रिसाले फ्रान्सांत पोंचले.

या रिसाल्यांत दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट असे स्वार असत. त्यांची व्यवस्था शिलेदारी पद्धतीची होती. शिलेदार हा शब्द मराठी वाचकास बखरींतून परिचित आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मराठेशाहींतली ही रीत इंग्रजांनीं उचलली, तिचें नांवही तसेंच ठेविलें, आणि १९२१ च्या सुमारास ती बंद होईपर्यंत हिंदी घोडदळाचे बहुतेक रिसाले तिच्यावर चालले. पायदळाच्या शिपायास १९१४ सालीं महिना ११ रुपये पगार मिळे. एवढ्या पगारावर माणसें समुद्र ओलांडून कां गेलीं, याचें उत्तर दुष्काळ, कर्ज, घराण्याची रीत आणि खाल्ल्या मिठाची जाण या चार गोष्टींत बहुतेक येऊन जातें.

आतां प्रवासास आरंभ करूं. उत्तर फ्रान्समधील लील या शहरीं चौघे मोटार ताब्यांत घेतात. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या अंगानें चालवावयाचीं असतात. त्यामुळें पहिला अर्धा दिवस सुभेदारसाहेब चाकावर आणि बाकीचे तिघे जीव मुठींत धरून बसतात. लीलच्या नैर्ऋत्येस कांहीं मैलांवर न्यव्ह शापेल नांवाचें लहानसें गांव आहे. सभोंवार सपाट शेतें, बीटची आणि बटाट्याची लागवड, आणि पाऊस पडून गेला म्हणजे बुटाला धरून ठेवणारा चिखल. काळ्या मातीच्या परभणीकरास तो चिखल ओळखीचा वाटेल; थंडी मात्र ओळखीची वाटणार नाहीं.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनांचे हिंदी सैनिक मार्सेय बंदरांत उतरूं लागले. अंगावर खाकी सुती कपडे आणि पुढें युरोपचा हिंवाळा. महिन्याभरांतच त्यांस या भागांतल्या खंदकांत उभें करण्यांत आलें. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यव्ह शापेल गांव जर्मनांच्या हातून परत घेण्यासाठीं जो हल्ला झाला, त्यांत सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर मुंबई सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. पुण्याजवळच्या खडकीस त्यांचें ठाणें. खंदक खणणें, पूल बांधणें, सुरुंग लावणें हें त्यांचें काम. परंतु त्या दिवशीं त्यांस संगिनी चढवून घराघरांतून लढावें लागलें. दोन्हीं कंपन्यांचे सारे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले आणि शिपायांचीही मोठी हानि झाली. गांव हातीं आलें, पण तें राखावयास पाठीमागून कुमक पोंचली नाहीं. पुढें १० ते १३ मार्च १९१५ या दिवसांत याच गांवासाठीं मोठी लढाई झाली, आणि तींत हिंदी सैन्याचा वांटा फार मोठा होता.

गांवाबाहेर चौरस्त्यावर हिंदी स्मारक उभें आहे. सर हर्बर्ट बेकर यांनीं त्याचा आराखडा केला; ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. वर्तुळाकार आवार, एका बाजूस जाळीदार दगडी कठडा, दुसऱ्या बाजूस नांवांची भिंत आणि मध्यें सुमारें पन्नास फूट उंचीचा स्तंभ. स्तंभाच्या माथ्यावर कमळ आणि पायथ्याशीं दोन वाघ. ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें भिंतीवर पलटणीवार कोरलेलीं आहेत. परमेश्वर एक आहे आणि विजय त्याचाच आहे, अशा अर्थाचें वचन निरनिराळ्या लिप्यांत तेथें लिहिलें आहे.

या भिंतीपुढें चौघांचा पहिला वाद होतो. वकीलसाहेब म्हणतात, "सुभेदारसाहेब, रागावूं नका, पण राज्य दुसऱ्याचें, भांडण दुसऱ्याचें, आणि मरण मात्र आपल्या माणसांचें. याचा अभिमान कशासाठीं धरावयाचा? आपल्या मराठवाड्यांतल्या माणसास स्वतःचें स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मिळालें नव्हतें."

सुभेदारसाहेब जरा वेळ नांवें वाचीत राहतात आणि मग म्हणतात, "वकीलसाहेब, अभिमान धरा असें मी म्हणत नाहीं. नांव वाचा एवढेंच म्हणतों. शिपायास लढाई निवडतां येत नाहीं. शेजारच्यास टाकून पळावयाचें कीं नाहीं, एवढेंच त्याच्या हातीं असतें."

प्राध्यापक या वादांत एक निराळाच मुद्दा आणतात, आणि तो श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धांत मुख्यतः फ्रान्सांत नव्हे, तर मेसोपोटेमियांत म्हणजे आजच्या इराकांत लढल्या. १९१५-१६ मध्यें कूत-अल्-अमाराच्या वेढ्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सांपडल्या होत्या. त्या आघाडीवर ज्यांचीं थडगीं माहीत नाहींत अशांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं स्मारक झालें. तेथें गोऱ्या सैनिकांचीं नांवें शिपायापर्यंत कोरलीं; हिंदी पलटणींच्या मात्र अधिकाऱ्यांचींच नांवें कोरण्यांत आलीं, आणि साधे शिपाई पलटणीमागें किती पडले तेवढा आंकडा देण्यांत आला. युरोपांत येणाऱ्याजाणाऱ्यांची दृष्टि पडेल तेथें नांवें, आणि वाळवंटांत आंकडे! युद्धांतील थडग्यांची निगा ठेवणारें मंडळ १९१७ सालीं स्थापन झालें, तेव्हां मृतांत उच्चनीच भेद करावयाचा नाहीं, असें त्याचें तत्त्व होतें. त्याच मंडळानें एप्रिल २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मान्य केलें कीं, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्व येथें मरण पावलेल्या निदान १,१६,००० आणि कदाचित् साडेतीन लाखांपर्यंत सैनिकांचें व हमालांचें नांवानिशीं स्मारक झालेंच नाहीं. "तेव्हां वकीलसाहेब," प्राध्यापक म्हणतात, "ही भिंत साम्राज्याची फुशारकी आहे हें खरें. पण हिच्यावरचें एकेक नांव हा त्या साम्राज्यावरचा पुरावाही आहे. आंकड्याला साक्ष देतां येत नाहीं. नांवाला देतां येते."

दुसऱ्या दिवशीं मोटार दक्षिणेस आरासवरून सोम नदीच्या प्रदेशांत शिरते. येथें जमीन सपाट नाहीं; लांबट, मंद चढउतार आणि मध्यें मध्यें रानाचे तुकडे. लाँगव्हाल गांवाजवळ एक रान आहे. इंग्रज सैनिक त्यास हाय वूड म्हणत. १४ जुलै १९१६ रोजीं पहांटें इंग्रज पायदळानें बाझांतांच्या उंचवट्यावर हल्ला केला आणि जर्मनांची दुसरी फळी मोडली. कांहीं तास वाट मोकळी दिसली. घोडदळास बोलावणें गेलें. परंतु खंदकांनीं आणि तोफांच्या खड्ड्यांनीं फाटलेल्या जमिनीवरून घोडे पुढें आणण्यांत सारा दिवस गेला. सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेडचे स्वार संध्याकाळीं पोंचले. त्यांत सातवी ड्रॅगून गार्ड्स ही गोरी पलटण होती आणि तिच्या बाजूस विसावी डेक्कन हॉर्स. उभ्या पिकांतून त्यांनीं भाले सरसावून धांव घेतली. पिकांत दडलेल्या कांहीं जर्मनांस त्यांनीं टिपलें, कांहींस कैद केलें. मग यांत्रिक बंदुका सुरू झाल्या, अंधार पडला, आणि स्वारांस खालीं उतरून रात्रभर जमीन धरून बसावें लागलें. पहांटेपूर्वीं त्यांस मागें घेण्यांत आलें. तें रान पुढें १५ सप्टेंबरपर्यंत हातीं आलें नाहीं. स्वारी करण्यापूर्वीं ओळीनें थांबलेल्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांचें त्या दिवशीं घेतलेलें छायाचित्र लंडनच्या युद्धसंग्रहालयांत आहे, आणि पहिल्या महायुद्धाच्या कितीएक ग्रंथांत तें छापलें गेलें आहे.

रानाच्या कडेस डॉक्टर उभे राहतात. तें रान आज खासगी मालकीचें आहे, त्यामुळें आंत जातां येत नाहीं. डॉक्टरांचें घराणें हिंगोलीचें, दख्खनी मुसलमानाचें. त्यांच्या आजोबांचे वडील कंटिंजंटच्या रिसाल्यांत होते, एवढी एकच गोष्ट घरांत सांगितली जाते. कोणता रिसाला, कोठें लढला, परत आला कीं नाहीं, हें कोणी सांगत नाहीं. "आमच्या घरीं त्यांची कबर नाहीं," डॉक्टर म्हणतात. "त्यामुळें दर्ग्याच्या उरुसास गेलें म्हणजे दादी एक फूल जास्त घेत असे. कोणाचें, तें तिनें कधीं सांगितलें नाहीं." येथें वकीलसाहेब कांहीं बोलत नाहींत. घरोघर अशीं हिशेबांत न धरलेलीं फुलें असतात, हें त्यांस ठाऊक असतें. मराठवाड्यांत १९४८ च्या आगेंमागें हिंदु आणि मुसलमान या दोघांच्याही घरांत जें सोसणें झालें, त्याच्या आड त्यापूर्वींचें हें समाईक दुःख झांकून गेलें. एका रिसाल्यांत बरोबरीनें राहणाऱ्यांच्या नातवंडांस एकमेकांचें हें नातें ठाऊकही नाहीं.

या रिसाल्याची कथा येथेंच संपत नाहीं. विसावी आणि एकोणतिसावी हे दोन्हीं रिसाले १९२१ मध्यें एक झाले, आणि डेक्कन हॉर्स आज भारतीय सैन्यांत रणगाड्यांची पलटण म्हणून नांदत आहे. सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांत असल उत्तर येथें झालेल्या रणगाड्यांच्या लढाईंत ती होती. कंटिंजंटच्या पायदळ पलटणींतून हैदराबाद रेजिमेंट बनली. तिला १९४५ सालीं कुमाऊं रेजिमेंट हें नांव मिळालें.

फ्रान्स सोडून मोटार आल्प्स पर्वताकडे वळते. १९६५ सालीं खुला झालेला सात मैलांहून अधिक लांबीचा माँ ब्लां बोगदा ओलांडला कीं इटली लागते. मिलान, बोलोन्या या शहरांवरून जुन्या रोमन रस्त्यानें आग्नेयीस जातांना इमोला आणि फाएन्झा यांच्या दरम्यान एक अरुंद नदी येते. तिचें नांव सेनियो. परभणीकर तिला नदी म्हणावयासही कचरेल. दुधनेचें पात्र तिच्याहून रुंद आहे. पण दोन्हीं कांठांस पुरापासून रक्षणासाठीं उंच, उभे मातीचे बांध घातलेले आहेत, आणि त्या बांधांच्या पोटांत १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं यांत्रिक बंदुकांचीं ठाणीं खणलीं होतीं.

दुसऱ्या महायुद्धांत इटलींत चौथी, आठवी व दहावी या हिंदी डिव्हिजना आणि एक गुरखा ब्रिगेड लढली. एकूण सुमारें पन्नास हजार हिंदी सैनिक तेथें होते, आणि साडेपांच हजारांहून अधिक तेथें मरण पावले. इटलीच्या मोहिमेंत व्हिक्टोरिया क्रॉस हें सर्वोच्च पदक वीस जणांस मिळालें. त्यांपैकीं सहा हिंदी सैन्यांतले, आणि त्या सहांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ९ एप्रिल १९४५ रोजीं संध्याकाळीं सेनियोवर जो हल्ला झाला, त्यांत पहिल्या मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. ते अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतले. वय अवघें तेवीस. नदी ओलांडतांच त्यांच्या टोळीवर तीन ठाण्यांतून मारा झाला. कंपनीचे अधिकारी आणि बहुतेक सोबती पडले. जाधवांनीं एका जखमीस पाठीवर घेतलें, खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून त्यास सुरक्षित जागीं नेलें. परत येऊन दुसऱ्यास नेलें. मग एकट्यानें पहिल्या ठाण्यावर चाल केली. हातास गोळी लागून बंदूक धरवेना, तेव्हां ती टाकून हातबाँबनीं उरलेलीं ठाणीं मोडलीं. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठा पलटणीची रणगर्जना करीत त्यांनीं मागच्या सोबत्यांस पलीकडे बोलावलें. इटलींतल्या जर्मन सैन्यानें २ मे रोजीं शस्त्रें खालीं ठेविलीं; म्हणजे युद्ध संपावयास तेवीस दिवस उरले होते. नामदेव जाधव जगले, आणि १९८४ सालीं त्यांचें निधन झालें.

बांधावर उभे राहिल्यावर सुभेदारसाहेबांस एक गोष्ट दिसते, ती नकाशावर दिसत नाहीं. "पहिल्या फेरीस माणूस आवेशांत जातो," ते म्हणतात. "दुसऱ्या फेरीस तो विचार करून जातो. पदक त्या दुसऱ्या फेरीचें आहे."

जवळच फोर्ली शहरीं हिंदी सैन्याचें थडग्यांचें मैदान आहे. तेथें सुमारें पांचशें थडगीं आहेत, आणि ज्यांस अग्नि दिला अशा साडेसातशेंहून अधिक हिंदु व शीख सैनिकांचीं नांवें एका स्वतंत्र स्मारकावर आहेत. वकीलसाहेब प्रत्येक ओळ बोटानें वाचतात. खंडू, तुकाराम, बाबू, गणपत अशीं नांवें कोठें रोमन लिपींत ओळखूं येतात का, हें पाहण्यांत दुपार जाते.

फोर्लीहून चेझेनामार्गे एक मोठा रस्ता आपेनाइन पर्वत ओलांडून टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत उतरतो. डोंगर हिरवे, वळणें पुष्कळ, आणि टेंकडीच्या माथ्यावर तटबंदीचीं जुनीं गांवें. सह्याद्रींतल्या गडांची आठवण देणारीं. त्यांतलेंच एक गांव माँतोने. येथें १० जुलै १९४४ रोजीं तिसऱ्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले. ते कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे, वय बावीस. त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून यांत्रिक बंदुकीचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर धांवून गेले. हातबाँबनें बंदूक निकामी केली, एकास गोळी घातली. पुन्हा काडतुसें भरावयास अवकाश नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें. त्याच वेळीं आडून आलेल्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडला. त्यांचें थडगें माहीत नाहीं. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव आहे, आणि माणगांवास त्यांचा पुतळा आहे.

माँतोनेच्या लोकांनीं व इटलींतील युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनीं जुलै २०२३ मध्यें घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. सारे एकाच सूर्याखालीं आहेत, अशा अर्थाचें लॅटिन वचन तिच्यावर आहे. ज्या गांवीं घाडग्यांस ओळखणारें एकही माणूस नव्हतें, त्या गांवानें एकोणऐंशी वर्षांनंतर हें काम हातीं घेतलें, ही गोष्ट वकीलसाहेबांच्या मनास लागते. "यांनीं आपल्या मुक्तीचा हिशेब ठेविला," ते म्हणतात. "मुक्त करणारा स्वतः मुक्त नव्हता, हेंही यांच्या ध्यानांत आहे. तें आपल्या ध्यानांत कां नसावें?" वादाचा सूर येथें बदलतो, वाद मात्र संपत नाहीं, आणि तो संपूं नये हेंच बरें.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नांवाचा एक जुना वाडा आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांस त्याची हकीकत विशेष आवडेल. १९४४ च्या जुलै अखेरीस पहिल्या मराठा पलटणीचें ठाणें त्या वाड्यांत होतें. एरिक लिंक्लेटर हे कादंबरीकार आणि बी. बी. सी. चे नभोवाणी-वार्ताहर विन्फर्ड व्हॉन-टॉमस तेथें गेले, आणि वाड्याच्या दालनांत भिंतींस टेंकून ठेविलेलीं चित्रें पाहून थक्क झाले. फ्लॉरेन्सच्या उफीझी व इतर संग्रहालयांतील अमोल चित्रें बाँबपासून वांचविण्यासाठीं तेथें आणून ठेविलीं होतीं. बोत्तिचेल्लीचें वसंताचें जगद्विख्यात चित्र त्यांत होतें. लगेच चित्रांवर पहारा बसला. बाहेर तोफा चालूं होत्या आणि आंत सातारा-रत्नागिरीकडचे शेतकऱ्यांचे मुलगे पांचशें वर्षांपूर्वींच्या चित्रांस कोणाचा हात लागूं नये म्हणून उभे होते. आज उफीझींत त्या चित्रापुढें रोज रांगा लागतात. त्या रांगांत भारतीय प्रवासीही असतात. आपल्या माणसांनीं तें राखलें, हें त्यांतल्या फारच थोड्यांस ठाऊक असतें.

अखेरचा मुक्काम रोमच्या आग्नेयीस कॅसिनो येथें. डोंगरमाथ्यावर बेनेडिक्टपंथी मठ, खालीं गारी नदी. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं विमानांनीं तो मठ उद्ध्वस्त केला. चौथी हिंदी डिव्हिजन त्याच्या उतारावर झगडत होती. ११ मेच्या रात्रीं आठव्या हिंदी डिव्हिजननें गारी ओलांडण्यास आरंभ केला, आणि १८ मे रोजीं पोलिश सैनिक मठांत शिरले. युद्धानंतर मठ जसाच्या तसा पुन्हा बांधण्यांत आला. पायथ्याच्या स्मारकावर, ज्यांचीं थडगीं माहीत नाहींत अशा सुमारें चार हजार सैनिकांचीं नांवें आहेत. तेथें चौघे यशवंत घाडग्यांचें नांव शोधतात, आणि सांपडल्यावर सुभेदारसाहेब शिस्तीनें सलाम करतात. डॉक्टर दोन फुलें ठेवतात. दुसरें कोणासाठीं, हें कोणी विचारीत नाहीं.

हा प्रवास खर्चाचा आहे, आणि सर्वांस तो घडेल असें नाहीं. परंतु त्याचा महत्त्वाचा भाग घरीं बसूनही करतां येतो. थडगीं-मंडळाची नांवांची यादी आज कोणासही विनामूल्य पाहतां येते. दुसऱ्या महायुद्धांतील कितीएक हिंदी शिपायांच्या नोंदींत बापाचें आणि गांवाचेंही नांव दिलेलें असतें. परगण्यांचीं व गांवांचीं नांवें इंग्रजी कानांनीं ऐकून लिहिलेलीं, त्यामुळें जिंतूर, पाथरी, सेलू, वसमत, कळमनुरी हीं गांवें कोणत्या वेषांत दडलीं असतील, हें स्थानिक माणसासच ओळखतां येईल. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगे गांवानें पहिल्या महायुद्धांत पडलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण पिढ्यान् पिढ्या राखली आहे. मराठवाड्यांत असें काम करावयाचें तर त्यास मोडी, उर्दू आणि मराठी वाचणारीं माणसें एकत्र बसावीं लागतील. जुन्या पत्र्याच्या पेट्यांतलीं पदकें, पेन्शनीचीं पुस्तकें, एखादें पिवळें पडलेलें पत्र हीं सारीं पुराव्याचींच साधनें आहेत. घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंपर्यंतच त्यांचा अर्थ लावतां येईल.

परतीच्या विमानांत चौघांनीं ठरविलेला बेत असा: प्राध्यापकांनीं यादी काढावी, डॉक्टरांनीं हिंगोलीच्या जुन्या मोहल्ल्यांत विचारपूस करावी, सुभेदारांनीं माजी सैनिकांस गांठावें, आणि वकीलसाहेबांनीं प्रत्येक नोंद पुराव्याच्या कसोटीस लावावी. ज्या नांवाबद्दल खात्री होईल तेंच लिहावयाचें. आणि तें मराठींत व उर्दूंत, शेजारीं शेजारीं लिहावयाचें.